कपाटामागची भिंत

माझे बाबा रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली: आधी घासा. जुन्या रंगावर नवा रंग फासणाऱ्या माणसाशी ते धड बोलायचेसुद्धा नाहीत. "तोंड न धुता पावडर लावायचा प्रकार आहे हा," म्हणायचे. पोपडे काढा, भिंत पार गिलाव्यापर्यंत घासा, लांबी भरून खड्डे बुजवा, परत घासा, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. एखादं गिऱ्हाईक घाई करायला लागलं की बाबा आपला ब्रश त्याच्या हातात द्यायचे आणि खाली जाऊन निवांत चहा पीत बसायचे. तो बिचारा हातात ब्रश घेऊन उभा!

मी त्यांची थोरली. धाकटा शिकला, ऑफिसात चिकटला, त्याला आम्ही साहेबच म्हणतो. मी बारावीला आपटले, बाबांच्या मागे शिडी धरायला म्हणून गेले आणि शिडीवर चढले ती कायमची. बाईमाणूस भिंती रंगवतंय म्हणून लोक नाकं मुरडायचे. बाबा म्हणायचे, "भिंतीला कळतं का हात कुणाचा ते?" मी भिंतीला हात लावला की कुठे फुगवटा, कुठे खड्डा हे मला डोळे मिटून कळतं. हात बाबांचा घेतला मी आणि जीभ आईची. दोन्हींनी माझा घात केला, पण ते पुढे.

आईचं वेड वेगळंच. थंडी सरून झाडांना कोवळी पानं दिसायला लागली की ही बाई कंबर कसायची. "झाडंसुद्धा कपडे बदलतात, आणि आपलं घर मेलं वर्षभर त्याच कपड्यात?" लगेच पडदे खाली. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला. उशांना जुन्या चादरी फाडून नवे अभ्रे. खिडकीत पाण्याच्या बरणीत कुठूनतरी तोडून आणलेली फांदी. आणि आतल्या खोलीतली, लोखंडी कपाट ठेवलेली भिंत, ती दर वर्षी नव्या रंगाची. रंग आईने ठरवायचा, लावायचा बाबांनी. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या. "एका भिंतीला नटवलं की खोली नटते, चारी नटवल्या की तमाशा होतो," हे आईचं शास्त्र.

शेडकार्डातला रंग तिला कधी पटला नाही. बाबांच्या कामावरून उरलेले डबे मांडून ती मधोमध बसायची आणि चमच्याने थोडं यातलं, थोडं त्यातलं, भाजीत मीठ घालावं तसं अंदाजाने. मग दोघं मिळून कपाट सरकवायची. त्याच्या मागे ती हातभर पट्टा मारायची आणि म्हणायची, "बघा आता, आणि संध्याकाळी सांगा." नियम बाबांचाच होता, की सकाळच्या, दुपारच्या आणि दिव्याच्या उजेडात बघितल्याशिवाय रंगाला हो म्हणायचं नाही. कपाटामागे त्या दोघांचं काय चालायचं ते आम्ही मुलांनी कधी बघितलं नाही. आईबापांचं काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

गेल्या वर्षी थंडी सरली तेव्हा आई आजारी होती. तरीही तिने रंग कालवला, एका हाताने पलंगाला धरून पट्टा मारला. नंतर अंथरुणाला खिळली. झाडं पुरती हिरवी व्हायच्या आत गेली.

त्यानंतर बाबांनी कामच सोडलं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. मी दोन गल्ल्या सोडून राहते, रोज डबा घेऊन जायचे. कालचा डबा अर्धा तसाच परत यायचा. पडदे काळे पडले, खिडकीतली बरणी कोरडी, आणि माझा बाप, जो भिंतीवरची माशी बसल्याची खूण ओळखायचा, त्याला घरात लोंबणारं जळमट दिसेना. मी ओरडून बघितलं, रडून बघितलं. "बाबा, आई गेली, तुम्ही तरी राहा ना," असंही बोलून बसले. ते नुसते "हं" म्हणाले.

वर्ष फिरलं. गल्लीतल्या झाडाला पालवी फुटली आणि त्याच सुमाराला आत्या येऊन बाबांना आठ दिवस आपल्याकडे घेऊन गेली. गाडी वळली नाही तोच मी साहेबाला फोन लावला. "रजा टाक. घर नवं करायचंय."

"बाबांना विचार तरी."

"विचारलं की नको म्हणतील. न विचारता केलं की गप बसतील. आई काय करायची वेगळं?"

आठ दिवस आम्ही राबलो. पडदे नवे शिवून आणले, पिवळट, उजेड गाळून आत सोडणारे. पलंग खिडकीपाशी घेतला. अभ्रे शिवले, बरणी घासून तिच्यात फांदी लावली. शेवटी आतल्या खोलीत आलो आणि कपाट सरकवलं.

मी हसतच सुटले. कपाटामागे जमिनीपासून डोक्यापर्यंत पट्टेच पट्टे! निळे, पोपटी, अबोली, एकावर एक थर, कडेला पेन्सिलीने गिचमीड. भिंतीचा तेवढा तुकडा बाबांनी कधी घासलाच नव्हता. सगळी भिंत दर वर्षी रंगवली आणि कपाटाएवढी जागा सोडून दिली!

"सापडले बाबा!" मी टाळी वाजवली. "जगाला शिकवलं चाळीस वर्षं, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार!"

गिचमिडीतली एक ओळ मी वाचली. 'पिवळा तीन चमचे, पांढरा वाटीभर.' रंगाऱ्याच्या घरात भिंतीवर असली मापं असतातच, मीही लिहिते. दुसरी ओळ वाचली नाही. अहो, काय बिघडलं असतं वाचली असती तर?

साहेब म्हणाला, "ताई, फोटो काढून ठेवू का?"

"पोपड्यांचे फोटो काढतोस? पाणी आण."

आणि मी घासलं. जाड पॉलिश पेपरने, मग मध्यम, मग बारीक. आडवं घासलं, उभं घासलं. खांदे भरून आले तरी थांबले नाही, कारण बाबा आल्यावर पहिला हात नेमका तिथेच फिरवणार हे मला ठाऊक होतं. गिलावा दिसेपर्यंत घासलं. लांबी, प्रायमर, वर मोतिया रंगाचे दोन हात. आयुष्यात इतकं सफाईचं काम मी केलं नव्हतं.

बाबा आले ते हसतच आले. वर्षभरात पहिल्यांदा. पडद्याला हात लावून म्हणाले, "झकास." बरणीतली फांदी बघून क्षणभर थबकले, मग माझ्या डोक्यावर टपली मारली. मला वाटलं, जिंकले मी. ते आतल्या खोलीत गेले, भिंतीवर तळवा टेकवला आणि एका टोकापासून चालत चालत कपाटापर्यंत आले.

"खडा नाही एक. माझ्यापेक्षा बरं केलंस."

"कपाटामागेसुद्धा," मी म्हटलं. "तुम्ही ठेवला होतात तो सगळा राडा साफ. पार गिलाव्यापर्यंत."

बाबांचा हात भिंतीवर होता तिथेच राहिला.

"घासलंस?"

"मग? नुसतं वरून फासू? तुम्हीच शिकवलंत ना."

"हो," बाबा म्हणाले. "मीच शिकवलं."

ते पलंगावर बसले. खिशातून त्यांनी एक पातळ पट्टी काढली, पोपडे काढायची, धार लावून आणलेली. ती मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे बघत हळूहळू सांगायला लागले. आत्याशी बोलता बोलता त्यांनी ठरवलं होतं की आईचा शेवटचा रंग तेवढा भिंतीला लावायचा. त्या पट्ट्याचा नखाएवढा कपचा काढून दुकानात न्यायचा आणि तसाच रंग बनवून घ्यायचा.

"तिने कालवला तेव्हा माझं मोठं काम चालू होतं. एकदाच बघितला मी, जाता जाता, अंधारात. तिने विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, बघू, पुढच्या वर्षी लावू." बाबांनी मांडीवरची पट्टी उलटी केली. "नीट बघितलाच नाही गं मी. आणि ती गेल्यावर कपाट सरकवायचा धीर होईना. म्हटलं, आहे तिथे. कुठे जातोय."

बाजूची गिचमीड मापांची नव्हती. म्हणजे एखादी ओळ मापाची, बाकी त्यांचं बोलणं. आई लिहायची, 'हा दवाखान्यासारखा दिसतो, नको.' बाबा खाली लिहायचे, 'तूच कालवलास.' बावीस वर्षांचं. भांडण झालं, अबोला असला तरी तिथे लिहायची दोघं. म्हणून तो तुकडा सोडलेला.

एखाद्या आळशी रंगाऱ्याने वरून नुसता एक हात मारला असता, तर बाबांनी त्या पट्टीने अलगद पापुद्रा उचलला असता आणि खाली सगळं जसंच्या तसं निघालं असतं. मी कामचुकार पोरगी असते तर आई त्यांच्यापुरती वाचली असती. धूळ कधीच कचऱ्यात गेली होती. वापरलेले पॉलिश पेपर मी पिशवीतून काढून खिडकीत नेऊन एकेक उलगडले. सगळे राखाडी. बावीस रंग घासले की राखाडीच उरतो.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचे उरलेले डबे उतरवले, आईचा चमचा शोधला आणि कालवायला बसले.

मग रोज तेच. मी डबा घेऊन जायचे आणि ते एक पुठ्ठा पुढे करायचे. "तू घासताना बघितला असशील ना. सगळ्यात वरचा. हा का गं?"

मी बघितला होता. डोळ्यांनी बघितला होता, पण गॉगलवर धूळ, डोक्यात घाई, आणि ओठांवर हसू. काहीतरी फिकट होतं. किंचित तांबूस? की हिरवट? ज्या डोळ्यांना पांढऱ्याच्या नऊ छटा कळतात त्यांना तो एक रंग आठवेना. "नाही वाटत, बाबा," म्हणायचे. ते परत चमचा बुडवायचे.

माझं कामातलं लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाची भिंत घासता घासता पेपर हातातून गळून पडला आणि मी शिडीवरच रडायला लागले. घरी ताटावर बसलं की घास फिरायचा. नवरा म्हणाला, हाडं निघालीत तुझी. आरशात मीही बघत होते की.

महिना झाला असेल. एके दुपारी मी दारात पोचले तर बाबा उभेच होते, हाताला रंग, नाकाला रंग.

"सापडला! पोरी, सापडला!"

पुठ्ठ्यावर फिकट अबोली, त्यात किंचित करडी झाक. "हाच. बघितल्याबरोबर ओळखला. तुझी आई शेजारी उभी असल्यासारखं वाटलं बघ."

मी बापाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. ते पाठीवर थोपटत राहिले. त्याच दुपारी आम्ही भिंत रंगवायला घेतली, ते वरून, मी खालून. बाबा मध्येच शीळ घालत होते. मी कपाट पुढे घ्यायला लागले तर म्हणाले, "मागचं राहू दे. ती जागा आपली सोडायची." त्या दिवशी बाबांनी सगळा डबा संपवला, आणि समोर बसवून मलाही जेवायला लावलं.

परवा ते पाय मोकळे करायला गेले होते. मी अभ्रे बदलत होते. सहज कपाटाच्या कडेने बघितलं तर मोतिया रंग तसाच डोकावत होता. अर्धवट कामाचा मला मेला जन्माचा तिटकारा. म्हटलं, पटकन ब्रश फिरवून टाकू, बाबांना कळणारही नाही. डबा उघडला, कपाट सरकवलं.

मागे पट्टेच पट्टे होते. तीसएक असतील. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने बाबांचं अक्षर. 'हा नाही.' 'हाही नाही.' 'तुझा याहून उजळ होता का?' 'सांग ना गं.' 'नाही.' 'नाही.'

सगळ्यात खाली भिंतीवरची ती फिकट अबोली होती. तिच्या कडेला लिहिलं होतं:

'हाही नाही. पण पोरगी खंगत चाललीय. तिला सांगतो, हाच म्हणून. तू काही बोलू नकोस.'

मी डब्याला झाकण लावलं. कपाट होतं तिथे सरकवलं. थोड्या वेळाने बाबा आले, खुर्चीवर बसले आणि आत भिंतीकडे मान करून म्हणाले, "शोभतो ना गं रंग?"

"शोभतो, बाबा," मी म्हटलं. "अगदी हाच होता."