तोडीची यादी आणि महादेवीअक्का

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं न्हाई. तुम्हाला कामून सांगायलोय — ते माझं मलाच कळंना.

मी मुळातच संशयी माणूस. पाव्हणा आला तरी आधी त्याच्या पिशवीकडं बघणार. दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलणार. आणि असल्या माणसानं काय केलं?

भालकीकडं ऊसवाल्यांच्या एका संघाचं कंप्युटरचं काम मी बघतो. ज्याची उसाची लागण आधी, त्याची तोड आधी — हा आमच्याकडचा दंडक. त्या यादीचं पान मीच बनवलेलं. मराठीत, कन्नडात, मोबाइलवर उघडणारं. पण तारखा वाचून क्रम लावणारं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, माझं नव्हतं, कुण्या परक्याचं होतं. पान उघडलं की लोडर ते इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये ओढून आणायचा. मी लोडरला नुसतं पॅकेजचं नाव सांगितलं होतं, कुठली आवृत्ती आणायची तो आकडा न्हाई. म्हणजे जे नवं निघेल ते आण बाबा! पाव्हण्याची पिशवी तपासणारा मी, रोज परक्याला घरात घेत होतो.

एका सकाळी यादी उलटीपालटी झाली. निम्मे शेतकरी जागच्या जागी, निम्मे खालीवर. आणि सगळ्यात वर कोण? मुडबीचे शरणप्पा — महादेवीअक्काचे सख्खे चुलते. अक्का आमच्याच ऑफिसात लागणीच्या तारखा टाइप करायची. झालं! चुलत्याला वर घातलं बाईनं, असा गलका उठला.

मलाही तिचाच संशय आला. तिला पकडायलाच मी तिच्या नोंदी तपासल्या. एकूण एक बरोबर.

मग — मग पॅकेज बघितलं. नवी आवृत्ती आली होती, आणि ती महिना आधी, दिवस नंतर वाचत होती. बाराच्या पुढं महिनाच नसतो, म्हणून तेरापासून पुढच्या तारखा शाबूत राहिल्या, बाकीच्या उलटल्या. शरणप्पांची एक नोव्हेंबरची लागण, म्हणजे १/११, अकरा जानेवारीची झाली होती, जवळपास दहा महिने आधीची.

मी काय केलं? जुन्या आवृत्तीचा आकडा लोडरच्या ओळीत गुपचूप लिहिला. यादी सरळ झाली. लोक म्हणाले, बघा, भिऊन बदलली बाईनं.

अक्का माझ्या टेबलाशी आली. सगळं ऑफिस बघत होतं. "अण्णा, तुमाला तर ह्यातलं समदं कळतंय. सांगा की ह्यांना, म्या काय केलं न्हाई म्हणून."

आणि मी म्हणालो — व्हय, मीच म्हणालो — "अक्का, मशीन आपोआप कामून चुकंल?"

चूक माझी होती. मला ठाऊक होती. मी भ्यालो, दुसरं काय? लोक मला हुशार म्हणायचे, ते जाईल म्हणून भ्यालो. अक्काला कामावरून काढलं. पुतणीपायी गावात मान खाली गेली म्हणून शरणप्पांनी तिच्या घरी येणं सोडलं.

परवा भालकीच्या बसस्टँडवर ती दिसली, लेकीसोबत, उदगीरच्या गाडीला थांबलेली. मला बघून लेकीला म्हणाली, "पाया पड गं. समदे चोर म्हणायले तवा ह्या अण्णांनी एकट्यानं म्हटलं न्हाई."

ती मनापासून बोलली, की सगळं माहीत असून बोलली? मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो — संशयानंच. पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले न्हाईत.