पॉइंट चार

ऑफिसात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे रिपोर्ट बनवणं हे तिचं काम. मॅट्रिक्स तक्त्यात डावीकडे शाखा, वर महिने आणि प्रत्येक चौकटीत शंभर दुरुस्त्यांमागे किती अपघात, तो आकडा. एखादा आकडा रांगेबाहेर डोकावला की बाईंना चैन पडत नसे. साहेब सहज म्हणाले होते, तक्ता जरा सुटसुटीत दिसू दे. बाईंनी एका झटक्यात सगळ्या आकड्यांचे दशांश उडवले. तक्ता कसा देखणा झाला, आणि स्वारी स्वतःवर खूश होऊन घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात जेवताना धाकट्या दिराने बातमी दिली. तो याच कंपनीत मेकॅनिक होता. सोमवारपासून लिफ्टच्या खड्ड्यात त्याला एकट्याने उतरायचं होतं. लिफ्ट कोणी चालू करू नये म्हणून वर स्विचपाशी थांबणारा जोडीदार दुसऱ्या शाखेत जाणार. का, तर रिपोर्टप्रमाणे त्यांच्या शाखेत अपघात शून्य.

"मग वहिनी, हे काय मी स्वप्नात चेंगरून घेतलं?" त्याने वाकडी झालेली दोन बोटं पुढे केली.

तिने मनातल्या मनात हिशोब केला. अडीचशे दुरुस्त्यांत एक अपघात, म्हणजे शंभरामागे पॉइंट चार. दशांश उडवला, त्याबरोबर भाऊजींची बोटंही उडाली होती. मग तिला ना बसवेना, ना उभं राहवेना. घासलेली भांडी तिने पुन्हा घासायला घेतली. नवऱ्याने काय झालं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

सकाळी ती पर्ससकट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, दशांश आणले की पुन्हा नुसता गजबजाट, आणि पॉइंट चार म्हणजे शून्यच की.

"साहेब, ते पॉइंट चार रोज माझ्या घरी जेवायला बसतं."

साहेबांनी तक्ता पुढे ओढून त्या शाखेची चौकट पाहिली. मग म्हणाले, जोडीदार हलवायचा हुकूम मागे घेतो. पण सुधारलेला तक्ता सगळ्या शाखांना तुम्हीच पाठवायचा, चूक कोणाची तेही लिहून.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत चूक कबूल करायची त्यांना सवयच नव्हती. दशांश परत आले, रांगा विस्कटल्या. 'चूक माझी' हे दोन शब्द तिने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि डोळे मिटून पाठवून दिले.

सोमवारी दीर खड्ड्यात उतरला, तेव्हा वर स्विचपाशी जोडीदार उभा होता.