धुळीच्या दुपट्यातलं बाळ

सकाळी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवलं की शुभा टिपणीस डोळे मिटायच्या आणि पालथा हात पातेल्याशेजारी धरायच्या, न टेकवता. क्षणभरच. मग डोळे उघडून चहा गाळायला घ्यायच्या.

"नैवेद्य दाखवून झाला असेल तर कप दे," त्यांचे यजमान श्यामसुंदर रोज म्हणायचे. हे वाक्यही त्या सवयीइतकंच जुनं होतं.

त्यांच्या विद्यार्थिनीने, नेत्राने, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एम.एस्सी. करत होती. वेसाव्याहून बस बदलत ती मुलुंडला त्यांच्या घरी शंका विचारायला आली होती. "मॅडम, हे काय?"

"डोळे मिट. पातेलं कुठे आहे, कळतंय?"

"कळतंय. ऊब लागतेय."

"झालं तर. आपण तारे असेच बघतो."

भांडुपच्या कॉलेजात शुभा मॅडमनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात ताऱ्यांची ऊब मोजली. अवरक्त किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारी ऊब. धुळीआड दडलेला तारा साध्या दुर्बिणीला दिसत नाही, पण त्याची ऊब त्या धुळीतून बाहेर येते. मुलुंडच्या आकाशात तारे दिसतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; मॅडमना त्याची कधी खंत नव्हती. त्यांचे तारे कुठल्याच आकाशात डोळ्यांना दिसणारे नव्हते. बायका सुट्टीत माहेरी जातात, तशा त्या राजस्थानातल्या डोंगरावरच्या दुर्बिणीकडे जायच्या. येताना स्वेटरला तिथल्या थंडीचा वास असायचा आणि चेहऱ्यावर झोप.

त्यातूनच त्यांनी एका धुळीच्या ढगातल्या नवजात ताऱ्यांची यादी केली होती. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा त्यांच्या त्या छोट्याशा जगात पुष्कळ गाजला. देशोदेशीच्या लोकांनी त्यावर लिहिलं, आणि लिहिताना मॅडमचं नाव घेतलं. टिपणिसांच्या घरात त्या ताऱ्याला 'बाळ' म्हणत.

नेत्रा पीएच.डी.ला लागली तेव्हा मॅडमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केला होता. दुर्बिणीवरचा वेळ मागायचा अर्ज मात्र त्यांनी नेत्राच्या मागे लागून करून घेतला. "बाळाची नीट तपासणी कर," एवढंच म्हणाल्या.

डिसेंबरात नेत्रा जाऊन आली. आली ती मुलुंडकडे फिरकलीच नाही. आकडे अजून तयार नाहीत, असं तिने फोनवर सांगितलं. आकडे तयार होते. तिने ते पुन्हा पुन्हा तपासले होते आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. मॅडमना आता दोन खोल्यांमध्ये चालतानाही दम लागायचा. त्यांच्याकडे त्यांचं म्हणावं असं एक बाळ होतं. ते कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं?

शेवटी मॅडमचाच फोन आला. "काय गं, आकडे शिजतायत का अजून? करपतील. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेत्राने लॅपटॉप उघडला आणि मान खाली घातली. मॅडमनी चष्मा लावला. ताऱ्याच्या उबेचा आलेख उजवीकडे जाता जाता एकदम खचला होता, जणू कुणी चावा घेतला असावा. तसा चावा म्हाताऱ्या, फुगलेल्या, निवत चाललेल्या ताऱ्याच्या अंगावरचा वायू घेतो.

मॅडम हसायला लागल्या.

"अहो, ऐकलंत का? बाळाला दाढी आहे!"

"केवढी?" श्यामसुंदरांनी बाल्कनीतून विचारलं.

"कमरेपर्यंत! ढगाच्या पार मागे बसलेले आजोबा आहेत."

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. नवा तारा धुळीच्या दुपट्यात असतो, आणि म्हातारा आपणच सोडलेल्या धुळीची घोंगडी पांघरून बसतो. लांबून गाठोडं सारखंच दिसतं. पण अलीकडे कुणी कुणी याचं तेज मोजत होते ना, ते सगळं मी लावून बघितलं. ठरल्यासारखं वाढतं, ठरल्यासारखं उतरतं. नेम म्हाताऱ्यांचा असतो गं. बाळं कुठे वेळ पाळतात?"

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"मी बघितलं असतं तर मला बाळच दिसलं असतं. म्हणून तुला पाठवलं."

नेत्राने डोळे पुसले. "हा तारा वगळूनही माझा पेपर होतो, मॅडम. बाकीची यादी बरोबर आहे."

"वगळायचा? वेडी आहेस का यार?" मॅडमच्या तोंडून 'यार' ऐकून श्यामसुंदर बाल्कनीतून आत आले. "लोक माझ्या शब्दावर त्याला बाळ म्हणतात. पहिलं वाक्य हेच लिही: टिपणीस यांनी नवजात म्हटलेला तारा वृद्ध आहे. लिही, माझ्यासमोर."

नेत्राने लिहिलं. मॅडमनी वाक्य वाचलं, स्वतःच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तपासलं आणि समाधानाने मान हलवली. तोंडावर जे सांगायला नेत्राला धीर होत नव्हता, ते आता पडद्यावर स्वच्छ अक्षरांत होतं, आणि खोलीतलं काहीच कमी झालेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका पहाटे, झोपेतच, शुभा मॅडम गेल्या. पेपर छापून आला तेव्हा पहिलं वाक्य तेच होतं.

ते वाक्य लिहून झालं त्या दुपारी नेत्रा निघाली तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या होत्या. नेत्राच्या आईने सुके बोंबील भरून पाठवलेला डबा रिकामा परत जायचा नाही, म्हणून त्यात त्यांनी गरम शिरा भरला होता. डब्याशेजारी पालथा हात धरून त्या म्हणाल्या, "खालून धरू नकोस, पोळेल. आणि आईला सांग, बोंबील पुष्कळ झाले, पुढच्या खेपेला जवळा पाठवा म्हणावं."