मोखाडा गेला का हो?

देवानं माणसाला डोळे दिले ते दिवसा उघडे ठेवण्यासाठी, ही गोष्ट माझ्या साडूंना जन्मभर कुणी सांगितली नसावी. झोप सगळ्यांनाच येते. मलाही येते, पण ती रात्री, अंथरुणावर आणि देवाचं नाव घेतल्यावर. चाकावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला बूड टेकलं रे टेकलं की मान टाकणारा माणूस मात्र मी जव्हार संस्थानात आणि संस्थानाबाहेर हा एकच पाहिला. बैलगाडी, टांगा, दमणी, सर्व्हिस मोटार, कशाचंच त्यांना वावडं नव्हतं. एकदा तर लाकडाच्या वखारीत उभ्या असलेल्या ढकलगाडीवर ते जरा टेकले आणि तिथेच घोरू लागले. गाडी तसूभरही हलली नव्हती. मी विचारलं, "अहो साडूबुवा, ही कुठं चालली होती म्हणून झोपलात?" तर म्हणाले, "चाकं होती ना, मास्तर." आता या माणसाशी काय बोलायचं?

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी जव्हारला, दरबारच्या जंगलखात्यात. घर मोखाड्याला, म्हणजे राजेसाहेबांची हद्द संपून इंग्रजांची लागते तिथे. सोमवारी जायचं, शनिवारी परतायचं. एका राज्यात झोपून दुसऱ्या राज्यात जागं होणं हा त्यांचा आठवड्याचा परिपाठ होता. हद्दीवरच्या नाक्यावर शिपाई गाडीतल्या सगळ्यांची बोचकी सोडून पाहायचे, म्हाताऱ्यांना खाली उतरवायचे. साडूंचे मात्र नुसते पाय उचलून खालची पिशवी चाचपायचे आणि पाय पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यायचे. माझी मेहुणी लवकर गेली. मागे राहिली ती एकटी द्वारकी. बापलेकीचा काय तो संसार. द्वारकी काळीसावळी, चटपटीत आणि बापाच्या वाट्याचीसुद्धा जागी असलेली. मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर. आई जव्हारला असल्यानं माझंही येणंजाणं त्याच वाटेनं. सांगायला हरकत नाही की त्या वाटेवर मी आजवर ना कधी डोळा मिटला, ना कधी साधा रुमाल गाडीत विसरलो.

दमणीच्या काळात साडूंचं सगळं सुरळीत चालत असे, कारण अक्कल बैलांना होती. जव्हारची वेस ओलांडली की पुढे गाडीवान झोपे, मागे साडू झोपत, आणि बैल आपले घाटातली वळणं सांभाळत, नाक्यावर थांबून, पुन्हा चालू लागून थेट साडूंच्या अंगणात येऊन उभे राहत. द्वारकी आधी बैलांना पाणी दाखवी आणि मग बापाला उठवी. मग रस्त्यावर सर्व्हिस मोटार आली. लाकडी बाकं, टपावर गाठोडी, चढावर सगळ्यांनी उतरून ढकलायची, अशी ती मोटार; पण तिचा थाट आगबोटीचा. ती मोखाड्याला पोहोचून थांबायची नाही. पोशेऱ्यावरून पुढे खोडाळ्याला मुक्कामाला जायची आणि सकाळी परत फिरायची. आमच्या साडूंचं घोडं अडलं ते इथे. "मोटारीला अक्कल नाही हो, मास्तर," ते फार गंभीरपणे सांगत. "बैलाला घर कळतं. हिला नुसता रस्ता कळतो."

पहिली काही वर्षं द्वारकीनं निभावून नेलं. शनिवारी संध्याकाळी मोटारीचा भोंगा ऐकू आला की ती परकर सावरत स्टँडवर धावे, खिडकीतून हात घालून बापाच्या पायाचा अंगठा ओढी, आणि साडू एखाद्या आज्ञाधारक बैलासारखे उतरून तिच्या मागे चालू लागत. कानाशी ओरडा, गदागदा हलवा, मी तर छत्रीच्या दांड्यानं बरगडीत ढोसून पाहिलंय. त्यानं ते उठत खरे, पण तासभर माणसात नसत. अंगठा ओढावा तो द्वारकीनंच. पुढे ती लुगडं नेसायला लागली. उपवर मुलीनं परक्या पुरुषांनी भरलेल्या मोटारीत हात घालणं गावातल्या बायकांना बरं दिसेना, आणि तिचं स्टँडवर जाणं बंद झालं. त्या शनिवारपासून आमचे साडू खोडाळ्याला जाऊ लागले.

तुम्ही म्हणाल, मोटारीचा क्लिनर काय करीत होता? मीही त्याला हेच विचारलं, आणि जरा चढ्या आवाजात विचारलं. तो पोशेऱ्याचा, चांगला पोक्त, डोक्याला फडकं बांधणारा माणूस. शांतपणे म्हणाला, "निजेल मानसाला हाकारू नाय, मास्तर. आमच्यात नाय हाकारीत. त्याचा जीव फिराया गेलेला रहतो. आवचित उठवला त जीव भायेरच रहल ना."

"अरे, पण अंग तू खोडाळ्याला नेतोस! जीव परत आला तर अंग शोधणार कुठे?"

त्यानं खरोखरच विचार केला. मग म्हणाला, "पेट्रोलचा वास येल ना त्याला. येल वासावर."

इतकं बोलून तो टपावर चढला. मी शिकवतो भूगोल. या शास्त्रापुढे काय बोलणार? सारांश असा की मी बरोबर असलो तर छत्रीचा दांडा, नाही तर खोडाळा. तिथे मोटार थांबली, इंजिन बंद पडलं की मात्र साडूंना आपोआप जाग येई. चहूकडे पाहून ते विचारीत, "मोखाडा गेला का हो?" जसं काही साडू जागेवरच होते आणि मोखाडाच उठून कुठे तरी निघून गेला होता! एकदा बाजाराला निघालेल्या बाईनं आपली कोंबडी गर्दीत त्यांच्या मांडीवर ठेवली. बाई उतरताना कोंबडी घेऊन उतरली, पण कोंबडीनं आपलं काम उरकलं होतं. साडू खोडाळ्याला जागे झाले ते धोतराच्या सोग्यात अंडं घेऊन. दुसरा कुणी असता तर फेकून मोकळा झाला असता. जन्मात अंड्याला न शिवलेला हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी ते उपरण्यात जपून मोखाड्याला घेऊन आला आणि कोंबडीवालीचा पाडा हुडकत उन्हात वणवण हिंडला. ती सापडली, अंडं पोचतं झालं. परतताना कुणाची तरी बैलगाडी मिळाली, हे सांगणं नकोच. संध्याकाळी ते तिसऱ्याच गावी होते.

इथवर हसून सोडून देता आलं. पण द्वारकीच्या लग्नाचा प्रश्न उभा राहिला आणि माझं हसू आटलं. आईवेगळी पोर, रंगानं सावळी, बापाची ही कीर्ती. एक स्थळ तर नुसतं ऐकूनच फिरलं. झोपेचा आजार घराण्यात असेल म्हणाले. दुसरं स्थळ मी आणलं, वाड्याकडचं, चांगलं घरंदाज. शनिवारी संध्याकाळी मंडळी मोखाड्याला मुलगी बघायला येणार. मी साडूंना शंभरदा बजावलं. त्यांनी तोंडात लवंग धरून बसण्याचं कबूल केलं. आमच्या घरी बैठक घातली, माझ्या बायकोनं पोहे केले, द्वारकी तिचं हिरव्या चौकडीचं लुगडं नेसून तयार. स्टँडवर मोटार आली, भोंगा झाला, मोटार गेली. मंडळी पोहे खाऊन बसली. मुलाचे चुलते दोनदा खाकरले. शेवटी म्हणाले, "ज्याला मुलीपेक्षा झोप प्यारी, त्याच्याशी सोयरीक कशी करायची?" आणि पायात वहाणा घालून चालते झाले. द्वारकी आत चुलीपुढे बसली होती. मला म्हणाली, "काका, मी गेले असते ना अंगठा ओढायला." त्या दिवशी साडू माझ्या हाती लागते, तर छत्री मोडली असती.

साडू लागले होते ते खोडाळ्याच्या एका किराणा दुकानदाराच्या हाती. मोटार त्याच्या दारातच मुक्काम करी, आणि ओटीवर साडूंची घोंगडी आता कायमची ठेवलेली असे. दर शनिवारी पिठलं-भाकरी खाऊन ते द्वारकीच्या गोष्टी सांगत. त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. तोंडातली लवंग तशीच होती, झोपेत चावायची राहून गेलेली. ती हातात घेऊन ढसाढसा रडले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "इतके महिने ऐकते आहे तुमच्या द्वारकीचं. माझ्या मुलाला द्याल का?" साडूंनी होकार दिला आणि घोंगडी ओढून झोपले. मी महिनोन्महिने पायपीट करून जे जमवू शकलो नाही, ते या माणसानं घोरत जाऊन जमवलं. मला आनंद झाला, पण रागही आला, तो का लपवू?

लग्न मोखाड्यालाच झालं. आता आमच्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. पंगतीत थट्टामस्करी चालली होती. विहीणबाई स्वभावानं मोकळ्या, जेवता जेवता म्हणाल्या, "आता व्याह्यांची चंगळ! झोपेचं निमित्त आणि लेकीचं दार." सगळा मांडव हसला. मीही हसलो. साडू हसले नाहीत. पानावरचं पाणी हातात घेऊन म्हणाले, "विहीणबाई, आजपासून मोटारीत माझा डोळा लागला तर बघा." आम्हांला ती आणखी एक थट्टाच वाटली.

पण तो माणूस खरंच झोपेना! लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर मोटारीत बसलो तेव्हा ओळखलंच नाही. ताठ बसलेले, डोळे लाल, उपरण्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं आणि दुसरं गळ्याला, मान पडली की काच बसावा म्हणून. खिशात मिरच्या. डुलकी आली की एक मिरची चावायची आणि डोळ्यांतून पाणी काढत घाट बघायचा. मोखाडा आला की सगळ्यांच्या आधी उतरायचे आणि मोटार पुढे जाई त्या दिशेला पाठ करून घराकडे चालू लागायचे. मी म्हटलं, "सुधारलात." ते म्हणाले, "हो ना." पावसाळ्यात रस्ता बंद झाला, श्रावण गेला, मंगळागौरीला द्वारकी येऊ शकली नाही. दिवाळीला तिच्या सासऱ्यांचं आजारपण निघालं. रिकाम्या घराचं कुलूप साडू शनिवारी उघडायचे आणि सोमवारी लावायचे.

माघातली गोष्ट. आम्ही दोघे जव्हारहून येत होतो. चढावर मोटार नेहमीप्रमाणे अडली, उतारू खाली उतरले. साडू मागून ढकलत होते. क्लिनर चाकाखाली धोंडा लावता लावता मला म्हणाला, "मास्तर, ती बाय रोज दारात येतं."

"कोण बाई?"

"ह्यांची पोर. खोडाळ्याला मोटार आली का दारात येतं. खिडकीतून आत बघतं, कोन निजेल हाय का. नाय दिसला का जातं घरात."

मी साडूंकडे पाहिलं. ते खांदा लावून मोटार ढकलत होते, तिला वर चढवायची सगळी जबाबदारी आपलीच असल्यासारखे. हा मूर्ख माणूस जन्मभर जिथे जायचं नाही तिथे झोपून गेला, आणि आता जिथे जीव अडकलाय तिथे जायचं तर मिरच्या खाऊन जागा राहतोय! मला असा संताप आला की विचारू नका. मोटार सुरू झाली, आम्ही बाकावर बसलो. त्यांनी उपरणं गजाला बांधायला घेतलं. मी ते ओढून काढलं आणि घडी करून त्यांच्या मानेखाली दिलं.

"झोपा," मी म्हटलं.

"अहो मास्तर, मोखाडा..."

"झोपा म्हणतो ना. मी उठवणार नाही."

त्यांनी मानेखालचं उपरणं चाचपलं. मग हळूच म्हणाले, "तिथलं पाणी चालायचं नाही मला." माझ्याजवळ आईनं दिलेल्या दशम्या होत्या आणि पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. दोन्ही त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. लहान मुलं मिटतात तसे, घट्ट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना झोप लागत नव्हती. ना घोरणं, ना उघडं तोंड. मोखाडा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं, नाही तर मलाच काहीबाही व्हायचं.

मोखाडा आला. मी उतरलो. क्लिनरनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "निजलेत. तुमच्यात हाकारत नाहीत ना?" तो म्हणाला, "नाय हाकारीत," आणि त्यानं घंटी वाजवली. मोटार हलणार, एवढ्यात आतून, डोळे न उघडता, साडूंनी विचारलं, "मास्तर, मोखाडा गेला का हो?"

मी मोखाड्याच्या स्टँडवर, मोखाड्याच्या धुळीत, छत्री टेकून उभा होतो.

"गेला," मी म्हटलं. "केव्हाच गेला."

मोटार पोशेऱ्याकडे वळेपर्यंत मी तिथेच होतो. घरी आलो तर बायकोनं विचारलं, "भावोजी नाही आले?"

"ते काय येतात! झोपले असतील. गेले पुढं."

तिनं माझे हात पाहिले. "आणि तांब्या कुठंय?"

"मोटारीत विसरला," मी म्हटलं आणि पाय धुवायला गेलो.