हळदीतला टेपरेकॉर्डर

डी.एड.ला असताना आम्ही एकमेकींचे पाठ मागच्या बाकावर बसून बघायचो. १९८९ साली कळव्याच्या एका शाळेत माझी मैत्रीण शेवंती पाठ घ्यायला आली, ती घरचा टेपरेकॉर्डर घेऊन. त्याच्या बटणांवर भावाच्या हळदीतले पिवळे डाग होते.

टेप शाळेचाही होता, पण मुलं बिघडवतील म्हणून तो कायम कपाटात. "मग घेतला कशाला?" असं ती मुख्याध्यापकांना तोंडावर विचारून आली होती.

पाठ होता खाडीतल्या माशांचा. तिने टेप पहिल्या बाकावर ठेवला आणि सांगितलं, ज्याने त्याने बटण दाबायचं आणि बोलायचं. वर्षभर तोंड न उघडलेली कोळ्यांची जनी चिखलातली निवटी कशी पकडायची ते घरच्या बोलीत सांगत सुटली. मग शेवंतीने ते सगळ्यांना ऐकवलं.

तास संपल्यावर पाठ तपासायला आलेले आमचे डी.एड.चे सर म्हणाले, "साधन शिक्षिकेच्या हातात हवं, मुलांच्या नाही."

"सर, हळदीत हा दोनशे जणांनी हाताळलाय. अजून वाजतो."

सरांनी तिचे मार्क कापले. ते लिहीत असतानाच जनी आली, कोणाला न विचारता तिने कॅसेट मागे फिरवली, बटण दाबलं आणि स्वतःला पुन्हा ऐकत उभी राहिली.