फॉर्म न भरलेलं वर्ष

वॉर्डात नवीन आलेल्या डॉक्टरांचं एक ठरलेलं असतं. रुग्णासमोर मान ताठ, आणि मग औषधांच्या ट्रॉलीआड हळूच विचारायचं, सिस्टर, हे किती द्यायचं हो? मी सांगायची. ते ऐकून फाइलमध्ये लिहायचे, खाली सही ठोकायचे आणि नातेवाईक त्यांच्याच पाया पडायचे. जळगावात आठ वर्षं नर्सिंग करताना हे मी मुकाट्याने गिळलं. पण एकदा एका नवख्या डॉक्टरांनी, मीच सांगितलेला डोस लिहून झाल्यावर, रुग्णादेखत मलाच बजावलं, "सिस्टर, मोजूनमापून द्या. चूक नको." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच सुमारास धाकटी नणंद पिंपळनेरहून, सासरच्या गावाहून, जळगावात मेहरूणला आमच्याकडे राहायला आली होती, नीटच्या क्लाससाठी. डॉक्टर व्हायचं तर ही परीक्षा द्यावीच लागते, आणि तिची ही दुसरी खेप होती. घरात टीव्ही बंद, तिच्यासाठी रोज बदाम भिजत. ड्युटीवरून आल्यावर तिचं बायोलॉजी घेणं माझ्याकडे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? किडनी म्हटलं की तिला पुस्तकातली आकृती दिसायची, मला सात नंबरच्या बेडवरचे आबा दिसायचे.

मग तिच्या सराव परीक्षांचे पेपर मीही सोडवायला लागले. भाकरी थापून झाल्या की तिथेच ओट्यावर. बायोलॉजी पळायची, पण फिजिक्सने दोन महिने घाम फोडला. सलाइनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे हे तोंडी सांगणारी मी, आणि उतारावरून घसरणाऱ्या त्या लाकडी ठोकळ्यापुढे अगदी ढ! रावेरला बारावी सायन्स केलं तेव्हाही तो मेला असाच छळायचा. पण हट्टालाच पेटले होते. शेवटी एका पेपरात मला नणंदेपेक्षा चाळीस मार्क जास्त पडले. उत्तरपत्रिका मी पिठाच्या डब्यामागे लपवली. आणि चोरी केल्यासारखं वाटलं, त्याचाच मला जास्त संताप आला.

वयाची आडकाठी आता राहिलेली नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं. तो माणूस वाईट नाही. म्हणाला, आईला विचारू. शिकणार मी, आणि विचारायचं आईला! तरी सासूबाई भेटायला आल्या तेव्हा मीच विषय काढला. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. पण त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुले ते नोकरी शे माय. तिले काय शे?"

मला नोकरी तरी आहे, तिला काय आहे, हे खरंच होतं. एका घरातून दोघी बसलो, माझा नंबर लागला आणि तिचा नाही, तर त्या पोरीने तोंड कुठे लपवायचं, हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणून तर जास्त चिडले. मी फॉर्म भरला नाही. पुढे कितीतरी दिवस घरात भांडी आपटत होते. नवऱ्याला वाटलं, हिला ड्युटी जास्त होतेय.

नणंद परीक्षा देऊन पिंपळनेरला परत गेली. तिचा नंबर लागला नाही. घरच्यांनी तिला धुळ्याला नर्सिंगला घालायचं ठरवलं, तर ती जेवणखाण सोडून बसली. सासूबाईंचा मला फोन. म्हणाल्या, तुझं ऐकते ती, तूच समजाव, नर्सिंग काही कमी नसतं म्हणावं. हसावं की फोन आपटावा, मला कळेना. कमी नसतं, हे मला सांगताय? आठ वर्षं या हातांनी माणसं उठवून बसवलीत मी. काम हलकं म्हणून मला ते सोडायचं नव्हतंच कधी. जे मला येतं ते माझ्या सहीने लिहायचं होतं, एवढंच.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून नणंदेपुढे धरला. ती रडत होती. मी म्हटलं, "नर्सिंगला जा. चांगलं काम आहे, मनापासून कर. वाटलं तर नीटचा फॉर्म पुन्हाही भर. या वेळी मीही भरणार आहे. आईंना विचारून नाही, सांगून भरणार आहे."

 पलीकडे नणंदेचं रडणं थांबलं. मग सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं, "आन् नोकरी?"

नंबर लागला तर सोडेन, असं मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते, आणि तेव्हा कुठे मला भीती वाटली.