मंगलवहिनीच्या साठवलेल्या रजा

आमच्या मंगलवहिनीला रजा मिळत नव्हती असं नाही, तिनं ती कधी घेतलीच नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. भाऊ फौजेत, त्यामुळं घर, पोरगी शिवांजली आणि नोकरी तिनं एकटीनं ओढली. जत्रेला रजा नाही, सणाला नाही, ताप आला तरी गोळी गिळून कामावर. मी तिचा धाकटा दीर, गावात किराणा दुकान चालवतो. मी चिडवायचो, "वैनी, रजेचं लोणचं घालणार हाईस का?" ती म्हणायची, शिवांजलीच्या बाळंतपणाला लागतील.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. गावभरच्या बायकांची बाळंतपणं निस्तरलेल्या बाईला आपल्या एकुलत्या लेकीचं तरी निवांत, घरात बसून करायचं होतं. एवढीच तिची हौस.

मग नवा नियम आला. मोबाईलसमोर तोंड धरायचं, त्यानं ओळखलं की हजेरी लागणार आणि त्या हजेरीवर पगार निघणार. तोंड मात्र उपकेंद्राच्या आवारातच धरायचं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आवाराबाहेर मोबाईल माणूस ओळखत नाही. नियम करणाऱ्याची अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे, कारण नर्सचं निम्मं काम आवाराबाहेरच असतं. धनगरवस्तीवरच्या बायका दिवस वर यायच्या आत मेंढरांमागं जातात. त्यांच्या पोरांना लस टोचायची तर वहिनीला घरातूनच अंधारात निघावं लागतं. तिथल्याच मायाचं बाळंतपण तर तिनं वस्तीवरून येताना जीपमध्येच केलं, मग तिला दवाखान्यात पोचवून रात्री घरी आली. त्या दिवशीही मोबाईलच्या लेखी बाई गैरहजर.

गैरहजेरी साचत गेली तसा तालुक्याच्या कार्यालयातून निरोप आला. एक तर पगार कापून घ्या आणि सेवेत खंड पाडून घ्या, नाही तर शिल्लक रजेतून भरून काढा. वस्तीवरच्या दौऱ्यांच्या नोंदीचं मार्गी लागलं की रजा परत जमा करू, असं तिथले साहेब म्हणाले. तोंडी म्हणाले. मी म्हटलं, वैनी, लेखी घे. साहेबाकडं लेखी मागायची तिला लाज वाटली. चांगला माणूस आहे, शब्द फिरवायचा नाही, म्हणाली आणि महिन्यामागून महिने रजेच्या अर्जावर सह्या करत राहिली. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी ही बाई, साहेबापुढं मात्र मुकी. मला आजही राग येतो.

रहिमतपूरला सासरी शिवांजलीचं डोहाळजेवण झालं. विहीण शालूबाईंनी विचारलं, तुम्ही नोकरीवाल्या, जमेल ना? वहिनीनं चारचौघांत सांगितलं, रजा साठवूनच ठेवल्यात.

आठवा महिना सरत आला तशी ती अर्ज घेऊन तालुक्याला गेली. मीही बरोबर होतो. शब्द देणारे साहेब बदलून गेले होते. नव्यांनी संगणकात बघून सांगितलं, रजा शिल्लक नाही. वहिनीनं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, दौऱ्याची माहिती त्या त्या महिन्यात भरायला हवी होती, आता जुने महिने उघडत नाहीत. मग बिनपगारी द्या, ती म्हणाली. तर म्हणाले, मार्चअखेर आहे, बदलीला माणूस नाही.

माझं डोकं तापलं. "साहेब, ती रजेवर हुती, तर वस्तीवरच्या पोरास्नी लस टोचली कुणी?"

"लसीचं काम पूर्ण आहे," ते म्हणाले. "त्याबद्दल आमची काही तक्रारच नाही."

भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो.

एसटीत वहिनी खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर तिनं रहिमतपूरला फोन लावला आणि लेकीला रजेची हकिकत सांगितली, म्हणाली, तुझं बाळंतपण तिकडंच करावं लागंल. शिवांजलीनं विचारलं, "आई, त्या वस्तीवरच्या बायकांची बाळंतपणं तू माझ्या रजेतनं केलीस व्हय गं?"

"व्हय," वहिनी म्हणाली.

शालूबाईंनी फोन घेतला. त्या चांगल्या बाई. हे काय परक्याचं घर आहे का, आम्ही बघतो, म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर वहिनीला भांडता तरी आलं असतं. एवढं चांगलं बोलल्यावर ती फोन ठेवून न्हाणीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात कळणार नाही, असं तिला वाटलं असावं.

शिवांजलीला मुलगी झाली, तेव्हा वहिनी वस्तीवर लसी टोचत होती. तिथं फोनला रेंज नसते. निरोप मी घेतला, संध्याकाळी मीच तिला सांगितला. तिनं त्याच रात्री डिंकाचे लाडू वळायला घेतले. दुकानदाराला रजा कोण देणार आणि कोण अडवणार? सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि डबा घेऊन रहिमतपूरला निघालो.

शिवांजली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ये काका, म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्या मागं दाराकडं होतं. मी डबा खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं.